स्टँडमधून आलेली उत्तरं

"त्यांना उत्तरं सांगू नका गं," सिस्टर म्हणाल्या होत्या. "मी प्रश्न विचारते ते मला उत्तर हवं म्हणून नाही. शेवटचा गोल कुणी केला ते मला ठाऊक नसतं का?"

हे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांची हनुवटी चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीच्या यंत्रावर टेकलेली होती. समोर बसून त्यांचा डोळा बघणारी ती हसली होती.

"अहो सिस्टर, गंमत असते हो ती. माणसं जरा ओरडतात, पत्रा बडवतात. मनावर काय घ्यायचं एवढं? हं, आता वर बघा."

सिस्टरनी वर बघितलं. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, बोलायची सवय कमी. "तुझा नवरा खेळतो म्हणून तुला सांगतेय. तुझं ऐकतील ते."

"माझं? माझं घरात कुणी ऐकत नाही, मैदानावरच्या स्टँडमध्ये कोण ऐकणार!" असं म्हणून तिने दुसरी काच चढवली आणि विषय तिथेच मिटवला. मागे रांग होती, घरी तान्ही मुलगी सासूबाईंकडे होती, आणि सिस्टरचा नंबर किंचित वाढला होता. त्या दिवशी तिला लक्षात ठेवण्यासारखं तेवढंच वाटलं.

त्या वर्षी शहरातल्या फुटबॉल लीगने एक नवा नियम चाचणीला घेतला होता. लोक त्याला 'डोक्याचा नियम' म्हणायचे. खेळताना कुणाच्या डोक्याला मार लागला की रेफ्रीने खेळ थांबवायचा, त्या खेळाडूला रेषेबाहेर न्यायचं आणि तिथे खुर्ची टाकून बसलेल्या सिस्टरनी त्याला चार-पाच साधे प्रश्न विचारायचे. हे मैदान कुठलं, खेळ पहिल्या अर्ध्यातला की दुसऱ्या, शेवटचा गोल कुणाचा, मागचा सामना कुणाशी झाला. एकही प्रश्न अडला तर त्या दिवशी पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही. त्याच्या जागी बदली खेळाडू, तोही नेहमीच्या हिशेबात न धरता. हंगामभर करून बघायचं, शेवटी प्रेक्षकांचं मत घ्यायचं आणि मग ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं, असं लीगने जाहीर केलं होतं.

आता प्रेक्षकांना मत विचारायचं म्हणजे आगीत तेल. तिच्या वस्तीच्या संघाचे चाहते जमायचे ते रेडिओच्या सलूनमध्ये. रेडिओ म्हणजे सलूनचा मालक. सकाळी शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत त्याचं तोंड बंद नसायचं, म्हणून हे नाव. त्याच्या दुकानात रेडिओचं मत नेहमी बहुमतात असायचं, कारण गळ्याशी वस्तरा असलेला माणूस वाद घालत नाही.

"आधी ऑफसाइडचं नाटक केलं," रेडिओ म्हणायचा, "मग पडद्यावर बघून गोल रद्द करायला लागले. माणूस उडी मारून, शेजाऱ्याला मिठी मारून, चप्पल हरवून बसला की हे सांगणार, थांबा, गोल नव्हता! आता काय, तर डोक्याचा नियम. अरे, आमच्या वेळी चेंडू चामड्याचा होता. भिजला की दगड. त्याला आम्ही डोकं दिलं. काय वाकडं झालं आमचं?"

"काका, कल्ले बारीक करा म्हणालो होतो," खुर्चीतला माणूस म्हणायचा.

"म्हणालास? कधी?"

यावर अख्खं दुकान हसायचं. रेडिओही हसायचा, कात्री हातात तशीच धरून.

बाकावर बसणारे मास्तर जरा तोलूनमापून विरोध करायचे. शाळेत भूमिती शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "वाईट काय आहे सांगतो. दमलेला खेळाडू खोटंखोटं डोकं धरून पडणार, प्रश्नाला मुद्दाम चुकणार, आणि त्यांना फुकटात ताज्या दमाचा माणूस मिळणार. नियमाला पळवाट ठेवली की माणूस दरवाजाने जातच नाही." एक बसचालक तेवढा नियमाच्या बाजूने होता. "आमच्या डेपोत गाडीला नुसता ओरखडा आला तरी चौकशी बसते. माणसाच्या डोक्याची नको का व्हायला?" त्यावर रेडिओ त्याला म्हणायचा, "तू बस चालव. तुला पुढचं दिसतं तेवढं पुरे."

तिलाही मत होतंच. कॉलेजात असल्यापासून ती सामने बघत आली होती, लग्नच मुळी त्या स्टँडच्या पायऱ्यांवर ठरलं होतं. नियम चांगला आहे, पण समोरच्या संघासाठी, असं तिचं मत. खरं तर सगळ्यांचंच तेच होतं, फक्त ती ते हसत बोलून दाखवायची.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंचापुरा, शांत. बचावफळीच्या मधोमध उभा राहायचा म्हणून वस्तीने त्याचं नाव ठेवलं खांब. उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू खांबाच्या कपाळावर आपटून परत जायचा आणि त्या क्षणी स्टँडमध्ये बाकांपुढे ठोकलेल्या पत्र्यावर सगळे मिळून एकदाच हात मारायचे. धाड! कितीतरी हंगाम ही रीत होती. मुलगी बसायला लागल्यापासून तीही आईच्या मांडीवरून वाकून पत्र्यावर आपला इवलासा पंजा मारायची. पहिले काही दिवस तिला त्या आवाजाने रडू फुटायचं. नंतर आवाज झाला नाही तर रडायची.

उत्तरं ओरडायची सुरुवात झाली ती अगदी निर्मळ गमतीतून. नियम नवा होता तेव्हाची गोष्ट. संघाच्या डाव्या बाजूचा पोरगेला खेळाडू, टपाल वाटायचं काम करणारा, कुणाच्या तरी कोपराला धडकला. सिस्टरनी विचारलं, शेवटचा गोल कुणाचा? तो डोळे बारीक करून विचार करत राहिला. तो असाच होता, धडधाकट असतानाही त्याला स्वतःच्या बुटाचा नंबर सांगता यायचा नाही. कठड्याशी उभ्या असलेल्या रेडिओच्या कानावर प्रश्न पडला आणि तो ओरडला, "अरे गाढवा, तुझाच की!" स्टँड कोसळलं हसून. रेफ्रीही हसला. टपालवाला "माझाच, माझाच," म्हणत आत पळाला आणि पुढे काही झालं नाही.

काही झालं नाही, हेच वाईट झालं. पुढच्या वेळी रेडिओने कठड्याशी आपला एक माणूसच उभा केला. सिस्टरचा प्रश्न ऐकून त्याने वळून सांगायचा, स्टँडने उत्तर एका सुरात ओरडायचं आणि वर दोनदा पत्रा. धाड धाड! सिस्टरनी आवाज खाली आणला, तर माणूस कठड्यावरून अर्धा बाहेर लोंबकळू लागला. सिस्टरनी तक्रार केली, तर लीगचे लोक म्हणाले, प्रेक्षकांच्या तोंडाला कुलूप कसं घालणार? सिस्टर प्रश्न बदलत राहिल्या आणि स्टँड उत्तरं देत राहिलं. नियम पाळलाही जात होता आणि वस्तीचा एकही माणूस बाहेर बसत नव्हता. रेडिओ ही युक्ती सलूनमध्ये अशी सांगायचा की जणू पूल बांधलाय.

तिला मात्र हा प्रकार ओळखीचा होता. दुकानात परवान्यासाठी डोळे तपासायला वाहनचालक यायचे. रांगेतला पुढचा माणूस मागच्याला शेवटच्या ओळीची अक्षरं हळूच सांगायचा. मग मागचा खुर्चीत बसून घडाघडा म्हणून दाखवायचा. ती पाटी बदलायची आणि त्याची बोलती बंद व्हायची. "पण मला पाटी बदलायच्या आधीच कळतं," ती घरी रंगवून सांगायची. "पाठ करून आलेला माणूस अक्षरांकडे बघतच नाही. ज्याने सांगितलं त्याच्याकडे बघतो."

"म्हणजे तू आणि सिस्टर एकाच माळेचे मणी," नवरा म्हणायचा. "गरिबाला सुखाने नापासही होऊ देत नाही."

उपांत्य सामन्यात समोरच्या धिप्पाड माणसाचं डोकं त्याच्या कानशिलावर आदळलं. तो बसला, उठला, रेषेबाहेर आला. प्रश्न, उत्तरं, धाड धाड. तो आत गेला आणि संघ जिंकला. वस्ती पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचली होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तेव्हा तो हसत होता, पण एक डोळा मिटून हसत होता.

त्या आठवड्यात तो घरी आला की पडदे ओढायचा. मुलगी किंचाळली की हाताने कान झाकायचा, तिला ओरडायचा नाही, नुसता कान झाकून भिंतीकडे बघायचा. कामावरून एकच सुटा भाग सलग दोनदा घेऊन आला. एक दिवस जेवताना म्हणाला, "आज लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो आणि मुख्य स्विच बंद केला की नाही ते आठवेचना. जोडीदार वरून शिव्या घालतोय आणि मी आपला उभा." आणि तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

"अरे, कुणाला तरी दाखवून ये की," त्या म्हणाल्या.

"आई, डोकं आहे ते, अंडं नाही."

ती मुळातच काळजीखोर. मुलीला शिंक आली तरी रात्रभर कान देऊन पडायची. तिने पर्समधली छोटी बॅटरी काढली, त्याला खिडकीशी बसवलं आणि एकेका डोळ्यात उजेड टाकला. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. दोन्ही उजेडाला बरोबर लहान होत होत्या. तिने पुन्हा बघितलं, मग पुन्हा.

"डोळे चांगले आहेत तुझे," ती म्हणाली, आणि तिचा श्वास मोकळा झाला.

"मग झालं तर. घरातच दवाखाना आहे आपला." त्याने बॅटरी तिच्या हातातून घेऊन बंद केली. "सिस्टरना बोलू नकोस काही. रविवारी फायनल आहे. लोक कधीपासून वाट बघतायत, तू बघतेस ना? मी नसलो तर मागे आहे कोण?"

डोळे चांगले होते. स्वतः बघितले होते.

रविवारी स्टँडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ती मुलीला घेऊन नेहमीच्या जागी, कठड्यापासून दुसऱ्या ओळीत बसली. वस्तीने एक गोल केला होता आणि तो टिकवायचा होता. खेळ संपत आला असताना एक साधासा चेंडू उंचावरून आला. तो उडाला, समोरचाही उडाला, आणि दोघांची डोकी फार जोरात नाही, अशी बेताची लागली. आपण दारात वाकताना चौकट लागते ना, तेवढीच. समोरचा माणूस डोकं चोळत चालू लागला. खांब उभा होता. नुसता उभा होता, आणि चेंडू त्याच्या शेजारून गेला तरी त्याने मान वळवली नाही.

रेफ्रीने शिट्टी वाजवली. त्याला रेषेवर आणलं. सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"मैदान कुठलं?" कठड्यावरच्या माणसाने प्रश्न मागे फेकला. स्टँडने उत्तर दिलं. धाड धाड. खांबाने ते म्हटलं.

"गोल किती झाले?" स्टँड. धाड धाड. खांब.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो सिस्टरकडे बघतच नव्हता. प्रश्न संपायच्या आतच त्याची मान स्टँडकडे वळत होती. पाठ करून आलेल्या माणसासारखी. पाठही काही राहिलेलं नव्हतं, नुसता सांगणाऱ्याकडे बघत होता.

सिस्टरनाही ते दिसलं असावं. त्यांनी स्टँडकडे एकदा बघितलं, मग त्याच्या अगदी जवळ जाऊन पण ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव काय?"

कठड्यावरचा माणूस वळला. "मुलीचं नाव विचारतेय!"

स्टँड गप्प झालं. सगळे तिला पिल्लू म्हणायचे. खांबाचं पिल्लू. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आणि मग, एकेक करून, सगळ्या माना पिल्लाच्या आईकडे वळल्या.

"वहिनी, सांगा की!"

"वहिनी, लवकर!"

"काय नाव आहे हो?" रेडिओ ओरडला. "अहो, सांगा, वेळ चाललाय!"

खांबही तिच्याकडे बघत होता. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वाट बघणं होतं. शाळेत फळ्यापाशी उभं केलेलं मूल मैत्रिणीच्या ओठांकडे बघतं तसं. मांडीवर मुलगी होती, जिचं नाव त्याने स्वतः निवडलं होतं, त्यासाठी स्वतःच्या आईशी दोन दिवस अबोला धरला होता. आणि आता एवढ्या सगळ्या लोकांसमोर त्याला ते येत नव्हतं.

ती गप्प बसू शकली असती. तेवढंच करायचं होतं. पण त्या शांततेत तिला सामना आठवला नाही, सिस्टर आठवल्या नाहीत, काहीच आठवलं नाही. नाव विसरलेला बाप सगळ्यांना दिसू नये एवढंच तिला वाटलं. उघड्या पडलेल्या माणसावर चादर टाकावी तसं तिने नाव ओरडून सांगितलं.

धाड धाड!

खांबाने ते नाव म्हटलं. अगदी नीट म्हटलं. सिस्टर रेफ्रीचा हात पकडून काहीतरी सांगत होत्या, डोकं हलवत होत्या. रेफ्री म्हणाला, "उत्तर बरोबर आहे ना?" नियमात उत्तर बरोबर असावं एवढंच लिहिलेलं होतं. ते कुठून यावं, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

समोरच्या संघाला शेवटची कॉर्नर किक मिळाली. चेंडू गोलासमोर उंच चढला आणि खांब उडाला, कपाळ पुढे केलं आणि चेंडू बाहेर गेला. धाड! अख्खा पत्रा थरथरला. तो खाली आला तेव्हा त्याने हात टेकले नाहीत. पडणारा माणूस आपोआप हात टेकतो. मुलगी चालायला शिकत होती, पडताना तीही टेकायची.

वस्ती जिंकली. हे तिला नंतर कुणीतरी सांगितलं.

तो वाचला. इस्पितळातून घरी आणला तेव्हा कित्येक आठवडे उलटले होते. डोक्यात रक्त साचलं होतं, ते काढलं. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, असं डॉक्टर म्हणाले. "बाहुल्या तर सारख्या होत्या हो," ती सिस्टरना म्हणाली. सिस्टर रोज इस्पितळात येऊन बसायच्या. त्या म्हणाल्या, "डोळ्यात दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो, बाळा. आधी माणसात दिसतं." त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तो खिडकीशी बसतो. डाव्या हाताची मूठ उघडत नाही. जेवतो, आंघोळीला धरून न्यावं लागतं. काहीही विचारलं, पाणी हवं का, ऊन लागतंय का, तर तो विचारणाऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघतो. तिने सांगितलं की ते म्हणतो. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणतात, "अगं, त्याला जरा स्वतःला बोलू दे." ती थांबते. तो तिच्याकडे बघत राहतो. कितीही थांबली तरी बघत राहतो.

प्रेक्षकांचं मत घ्यायची सभा ठरल्याप्रमाणे झाली, शाळेच्या सभागृहात. ती मुलीला कडेवर घेऊन गेली. दारातच फलक होता, आणि फलकावर तिचा नवरा. हवेत उडालेला, कपाळाला चेंडू टेकलेला, मोठा रंगीत फोटो. खाली लिहिलं होतं, 'खांबासाठी एकच मागणी, डोक्याचा नियम रद्द करा!'

तिला आधी वाटलं आपणच चुकीचं वाचतोय.

रेडिओ बोलायला उभा राहिला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. दर महिन्याला तो घरी येऊन खांबाचे केस कापून जायचा, कापताना सामन्यांच्या गोष्टी सांगायचा आणि जिन्यात उभा राहून रडायचा, हे तिला ठाऊक होतं. "आमचा माणूस खेळात होता, गरम होता," तो म्हणाला. "या नियमाने त्याला मध्येच थांबवला. रेषेवर उभा केला. प्रश्न विचारून विचारून त्याचं डोकं फिरवलं. अंग गार पडलं, लक्ष उडालं. म्हणून तो पडला! नियम नसता तर खांब आज तुमच्यासमोर उभा असता."

टाळ्या पडल्या. मास्तर उठले. ते बोट वर करून काहीतरी वेगळं बोलतील असं तिला वाटलं. मास्तर म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो. जो नियम पाळता येत नाही तो ठेवू नये. उत्तरं बाहेरून येत होती हे सगळ्यांना माहीत आहे. मग उपयोग काय झाला?" त्यावरही टाळ्या पडल्या. उत्तरं कुणी दिली, हे कुणी म्हटलं नाही. बसचालक मागे उभा होता, त्याने हात वर केला, पण त्याला बोलायला मिळेपर्यंत लोक उठायला लागले होते.

मग ती बोलली. तिने घरी चार वेळा मनात म्हणून बघितलं होतं, तरी सगळं उलटसुलट झालं. सिस्टरनी सांगितलं होतं, तो आधीपासून आजारी होता, मी नाव सांगितलं, तुम्ही मला विचारलंत आणि मी सांगितलं, नियम हवा, अजून कडक हवा, प्रश्न आत खोलीत नेऊन विचारा. मुलगी तिच्या गळ्यातली ओढणी ओढत होती. लोक अगदी शांतपणे ऐकत होते. कुणी हसलं नाही, कुणी अडवलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

"वहिनींचं दुःख आपल्या सगळ्यांचं आहे," अध्यक्ष म्हणाले. "त्यांच्यासाठी एक मिनिट उभं राहूया."

सगळे उभे राहिले. एक मिनिट झालं. मग बसले आणि हात वर करून नियम काढून टाकला.

बाहेर रेडिओने मुलीला चॉकलेट दिलं. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष? नियमच तसला होता." त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की तिला त्याच्यावर रागावताही आलं नाही. त्याला झोप लागायला हवी होती. सगळ्यांनाच लागायला हवी होती. फक्त तिलाच लागत नव्हती.

सिस्टरची खुर्ची आता मैदानावर नसते. डोक्याला लागलं तर पाणी शिंपडतात, "ठीक आहेस ना?" म्हणतात, तो "ठीक आहे," म्हणतो. खांबाच्या जागी दुधाची गाडी चालवणारा एकजण खेळतो, चांगला उंच आहे. त्याच्या हेडरलाही पत्रा वाजतो. घर मैदानापासून लांब नाही. वारा तिकडून असला की धाड ऐकू येते. खिडकीतला माणूस ती ऐकून मान वर करतो, आणि मग तिच्याकडे बघतो.

गेल्या रविवारी दूधवाल्याला लागलं म्हणतात. ती सोमवारी त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. "बरा आहे हो तो," ती म्हणाली. "जरा पडदे ओढून पडलाय. डोळे तर चांगले दिसतायत." मागून तो बायकोला विचारत होता, कोण आलंय, आणि थोड्या वेळाने पुन्हा, कोण आलंय. तिने सगळं सांगितलं, दारात उभं राहून, जमेल तेवढं. बायको ऐकत होती आणि दार हळूहळू लावत होती. मंगळवारी ती परत गेली, तेव्हा दार उघडलंच नाही.

तिचं ऐकणारं तिथे आता कुणी नाही. तिच्या कपाळावर दुःख लिहिलंय, आणि दुःखी बाईचं बोलणं लोक उभं राहून ऐकतात आणि बसून विसरतात. म्हणून हे तुमच्यासाठी. तुमच्या घरात, शेजारी, कामावर, मैदानातून परत आलेलं कुणी असेल. चेंडू लागला, कोपर लागलं, आपटलो जरासा, असं म्हणालं असेल आणि तुम्ही बरं म्हणाला असाल. ते तिथेच असेल अजून, पडदे ओढून. हे वाचून झालं की उठा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला रोजचं, साधं काहीतरी विचारा. विचारून झाल्यावर गप्प राहा. आणि तो उत्तरासाठी तुमच्या तोंडाकडे बघायला लागला, तर सांगू नका. कितीही वाईट वाटलं तरी सांगू नका. त्याला उठवा आणि दवाखान्यात न्या.